अल्लीपूरच्या मांडवातली गिटार

मी एक जुनी गिटार आहे. जुनी म्हटलं की लोक लगेच चुकचुकतात. तुम्ही तसं करू नका, मित्रांनो. माझा आवाज अजून खणखणीत आहे आणि ते मला चांगलं माहीत आहे.

कलकत्त्याच्या एका गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. माझं पोट फुगीर आहे, त्यावर व्हायोलिनसारखी दोन वळणदार छिद्रं आहेत आणि अंगाला मधाच्या रंगाचं पॉलिश आहे. काम संपवून त्यानं माझी पहिली तार छेडली, तेव्हा शेजारच्या दुकानातल्या न्हाव्यानं वस्तरा थांबवून मान वर केली होती. त्या दिवसापासून मला थोडा गर्व आहे. तो मी लपवत नाही.

मला विकत घेतलं रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांनी. त्यांचं नाव फ्रँक. त्यांची बदली वर्ध्याला झाली आणि त्यांच्याबरोबर मीही या कापसाच्या मुलखात आले. शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या क्लबात साहेब मला मांडीवर घेऊन जाझ गात. जाझ म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की गाणं सगळ्यांना पाठ असतं, तरी गाणारा ते आज आपल्या मनासारखं गातो. ठेक्याच्या जरा मागे राहतो, मध्येच शब्द सोडून नुसत्या आवाजांशी खेळतो, आणि भटकून भटकून शेवटी बरोबर घरी येतो.

त्याच स्टेशनच्या दिवेघरात प्रेमदास नावाचा विशीतला तरुण सिग्नलचे कंदील भरायच्या कामावर होता. ड्यूटी संपली की तो क्लबाच्या खिडकीशी येऊन ऐकत असे. एकदा साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि मला सरळ त्याच्या हातात दिलं. त्याच्या बोटांना रॉकेलचा वास येत होता. मी नाक मुरडलं, हे कबूल करते. पण त्यानं पहिला सूर धरला आणि मला कलकत्त्याचा न्हावी आठवला. या पोराच्या हातात काहीतरी आहे, हे मी तिथंच ओळखलं.

साहेब त्याला शिकवू लागले. एकदा त्यांनी सांगितलं, की ही गाणी अमेरिकेतल्या ज्या काळ्या लोकांनी उभी केली त्यांचे बापजादे गुलाम म्हणून विकले जायचे, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे. प्रेमदासनं मला मांडीवर सरळ केलं. मग म्हणाला, "कापूस तं आमीबी येचतो, साहेब." त्यानंतर तो जे गायला, ते साहेबांनी डोळे मिटून ऐकलं.

पुढे साहेब देश सोडून गेले आणि मला क्लबाला देऊन गेले. क्लबानं मला कोठीत टाकलं. दोन उन्हाळे मी टेनिसच्या फाटक्या जाळ्यांखाली आणि मोडक्या कॅरमबोर्डांखाली काढले. वर्ध्याचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. माझी पाठ तडकली, दोन तारा गंजून तुटल्या. कोठीत येणारा प्रत्येक जण माझ्यावर काहीतरी ठेवून जायचा, उचलून कुणी बघायचा नाही. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. वाजवून वाजवून झिजणं मला चाललं असतं.

शेवटी प्रेमदासनंच रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं. सुतारासमोर मांडी घालून बसून त्यानं माझी पाठ सांधून घेतली. उन्हाळ्यात लाकूड सुकून तडकू नये म्हणून तो माझ्या पेटीत ओल्या फडक्याची साबणाची डबी ठेवू लागला. वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेतल्या त्याच्या खोलीत आम्हा दोघांचा संसार सुरू झाला.

इंग्रजी गाणी वर्ध्यात कोण ऐकणार? प्रेमदासनं सिनेमाची गाणी घेतली. जे गाणं पोराटोरांच्या तोंडी असेल तेच तो निवडायचा, आणि असं गायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, अरे, हे मी आजवर ऐकलंच नव्हतं! उड्या मारणारं झोपाळ्याचं गाणं तो इतकं सावकाश म्हणे, की त्यातली पोर झोपाळ्यावर बसून कुणाची तरी वाट बघतेय हे कळायचं. गंमत अशी व्हायची, की मध्येच तो शब्द सोडून "दा-दू-बा" करू लागला की लोकांना वाटे, बिचारा गाणं विसरला! लगेच चारी बाजूंनी शब्द पुरवले जायचे. प्रेमदास हसायचा, तो शब्द उचलायचा आणि वेगळ्याच सुरात परत करायचा. वर्ध्याच्या कॉलेजात आमचं नाव झालं. मी फुशारून गेले होते.

फक्त एक माणूस आमचं गाणं ऐकत नव्हता. प्रेमदासचे वडील डोमाजी.

डोमाजी अल्लीपूरचे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे गावच्या लग्नांत डफडं वाजवायचं काम होतं. काम कसलं, वेठच ती. मांडवाच्या बाहेर, कडुलिंबाखाली, उन्हात तासन्‌तास उभं राहून वाजवायचं. मांडवात पाऊल टाकायचं नाही. छप्पन्न साली सगळ्यांबरोबर डोमाजींनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन डफडं कायमचं सोडलं. पोराच्या हातात पुन्हा वाद्य दिसलं की ते उठून बाहेर जायचे. तो राग नव्हता, भीती होती. वाजवणारा हात पुन्हा त्याच झाडाखाली जाईल, अशी.

आणि अठ्ठावन्नच्या वैशाखात आमंत्रण आलं ते नेमकं अल्लीपूरहून. कापसाचे व्यापारी सदाशिवराव यांच्या मुलीचं, सुलोचनाचं लग्न होतं. ती वर्ध्याला शिकायला होती, तिथं तिनं आमचं गाणं ऐकलं होतं, आणि तेच गाणं तिला आपल्या लग्नात हवं होतं. वर्ध्याचा रेल्वेतला कलाकार, एवढंच सदाशिवरावांना माहीत होतं. त्यांच्याच कडुलिंबाखाली डोमाजी तीस वर्षं उभे राहिले होते.

लग्नाच्या सकाळी अल्लीपूरच्या घरी डोमाजी लेकाला म्हणाले, "प्रेमदास, त्या झाडाखाली तू उभा राह्यला तं मले तोंड दाखवजो नोको."

"बाबा, मांडवात बसाले जागा भेटली तं गाईन. नाई तं पेटी उचलून घरी येईन."

"आन् हे सारं गाव हासन, त्याचं काय?"

"हासू द्या ना. तुमी चाला आयकाले."

"मी नाई येत," म्हणून डोमाजींनी पाठ फिरवली. पेटीत माझ्या तारा ताठ झाल्या होत्या. मला वाजायचं होतं, आणि या बापलेकात फूट पडायला नको होती. दोन्ही एकदम कसं होणार, ते मला कळत नव्हतं.

मांडवाच्या दारातच सदाशिवरावांच्या दिवाणजींनी, महादेवरावांनी, प्रेमदासला ओळखलं. "अरे, तू तं डोमाचा पोरगा! बँडवाले तिकडं झाडाखाली हायेत. तूबी जाय, तिकडंच उभा राह्य."

"हे उभ्यानं वाजत नाई, महादेवराव," प्रेमदास शांतपणे म्हणाला. "याले मांडी लागते. एक खुर्ची द्या, मांडवात बसतो आन् गातो."

मित्रांनो, खरं सांगते. पट्टा लावला की मी उभ्यानंही झकास वाजते. पट्टा पेटीतच होता. पण त्या दिवशी मी त्या पट्ट्याची ओळखही दाखवली नाही.

"खुर्च्या पाव्हन्यांसाठी हायेत," महादेवराव म्हणाले. सदाशिवराव जवळच उभे होते. सारं ऐकत होते आणि पागोट्याचं टोक सारखं करत होते. प्रेमदासनं वाद घातला नाही, खुर्चीची वाट बघत तो बराच वेळ दारातच थांबला. शेवटी त्यानं पेटी उचलली आणि वळला. आता हे गाणं होत नाही, असं मी धरून चालले.

तेवढ्यात मांडवातली कुजबुज एकदम थांबली. समोरून डोमाजी येत होते, खांद्यावर खुर्ची घेऊन. येत नाही म्हणणारा हा माणूस रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून सगळं बघत होता, आणि बघता बघता घरी जाऊन परतही आला होता. खुर्ची प्रेमदासनंच त्यांना पहिल्या पगारात आणून दिलेली. ते तिच्यावर कधी बसले नव्हते, नुसते धुतलेले कपडे ठेवायचे. ते सरळ मांडवात शिरले आणि मधोमध त्यांनी खुर्ची टेकवली.

"डोमा, हे काय करून राह्यला?" महादेवराव ओरडले.

"खुर्ची ठेवून राह्यलो. माही हाय. तुमची नाई मांगितली." मग लेकाकडे न बघता ते म्हणाले, "बस."

दोन-तीन म्हातारे उठून वाड्याच्या ओसरीवर गेले. जाऊ देत. आतल्या दारात हळदीच्या अंगानं सुलोचना येऊन उभी राहिली. "बाबा, त्यायले मी बलावलं. गाऊ द्या," ती म्हणाली. सदाशिवराव बाजूला सरले. प्रेमदासनं पेटी उघडली आणि मला मांडीवर घेतलं.

इतकी छान मी कधी वाजले नव्हते. त्यानं तेच झोपाळ्याचं गाणं धरलं, सावकाश, ठेक्याच्या मागे रेंगाळत. सासरी निघालेल्या मुलीच्या घरात ते गाणं निराळंच झालं. दोन कडवी झाली आणि तो शब्द सोडून "दा-दू-बा" करू लागला. सदाशिवरावांची थोरली बहीण वच्छलाबाई पुढेच बसली होती. तिला राहवलं नाही. "अगे माय, इसरला हा!" म्हणत तिनं पुढची ओळ मोठ्यानं पुरवली. प्रेमदासनं ती उचलली, फिरवली आणि तिला परत दिली. म्हातारी खुदकन हसली आणि तिनं दुसरी ओळ टाकली. मग बायका, मग पाव्हणे. सारा मांडव ओळी टाकत होता आणि प्रेमदास झेलत होता. फ्रँकसाहेबांच्या क्लबात असं कधीच झालं नव्हतं.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांत डोमाजी हळूच वळले. त्यांचे पाय सवयीनं बाहेर, कडुलिंबाकडे निघाले होते. प्रेमदासनं ते पाहिलं आणि त्याचा हात माझ्या तारांवर थबकला.

वच्छलाबाईनंही पाहिलं. "सदाशिवा," ती भावाला म्हणाली, "लेकाले बसवलं आन् बाप उन्हात जाऊन राह्यला. डोमाजीले खुर्ची दे."

त्या गावात त्यांना डोमाजी कुणी म्हटलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. सदाशिवरावांनी क्षणभर बहिणीकडे पाहिलं, मग पाव्हण्यांची एक खुर्ची स्वतः उचलून पुढे केली. डोमाजी तिच्याकडे बघत राहिले. मग सावकाश बसले, पाठ टेकली, पायावर पाय घेतला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी पक्का होता.

"आता दुसरं म्हन, प्रेमदास," ते म्हणाले. "घाई करू नोको."

मित्रांनो, आता दर रविवारी डोमाजी सिंदी मेघेला येतात आणि मला मऊ फडक्यानं पुसतात. तुमच्याही घरी एखादं वाद्य धूळ खात पडलं असेल, तर त्याच्यावर सामान रचू नका, त्याला ऊन आणि पाऊस लागू देऊ नका, आणि रोज थोडं तरी वाजवा. पण त्याआधी एक करा. वाजवणारा दारात आला, की त्याला आधी आत बोलावून बसायला द्या, आणि त्याच्या बापालाही.