मिस ऑर्डेलच्या छपरावर

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी म्हातारी आहे, टकली आहे आणि मेलेलं खाते. गिधाडाची जात माझी. जमैका बेटावरच्या एका डोंगरात, चुनखडीच्या कपारीत माझा जन्म झाला. इथली माणसं आम्हाला जॉन क्रो म्हणतात, आणि ते नाव घेतलं की थुंकतात. कुणाला कुरूप म्हणायचं असलं तरी माझंच नाव पुढे करतात. त्याचं मला आता काही वाटत नाही. पण एका सकाळी माझ्यावर दगड पडले, त्या सकाळची गोष्ट पोटात ठेवून मला मरायचं नाही.

आईनं मला दोनच गोष्टी शिकवल्या. वारा आडवा कापायचा. वास पातळ झाला की मागे वळायचं, दाट झाला की खाली उतरायचं. आमच्याकडे झाडी इतकी गच्च आहे की वरून डोळ्यांना काही दिसत नाही. पोटाचा मार्ग नाकानंच शोधावा लागतो. आणि भूक नाकाला धार लावते, हे मी स्वतः अनुभवलं. पोट भरलेलं असलं की खालच्या दरीतली मेलेली शेळीसुद्धा मला हलवत नाही. उपाशी असले की दोन टेकड्यांपलीकडचा मेलेला सरडा मला ओढून नेतो.

असं मी वर्षानुवर्षं काम केलं. गाडीखाली आलेलं मुंगूस, ओढ्यात अडकलेली शेळी, कुणाच्या परसात मेलेलं कुत्रं. मी ते निपटलं नसतं तर तेच पाणी गावानं प्यायलं असतं. शाबासकी म्हणाल तर एकदाही मिळाली नाही.

त्या वर्षी मे महिन्यात पावसानं चार दिवस धरून ठेवलं. भिजलेल्या पंखांनी मला उडता येत नाही. कपारीत माझी दोन पिल्लं होती. पाचव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा धाकट्यानं मान वर केलीच नाही. थोरलं माझ्या चोचीवर चोच आपटत होतं. माझ्या पोटात त्याला द्यायला एक घाससुद्धा नव्हता. मी पंख वाळवले आणि निघाले.

आणि वास आला. ताज्या मेलेल्या जनावराचा, तोच, अगदी तोच. मी वारा कापला, मागे वळले, पुन्हा कापला. वास दाट होत होत मला मिस ऑर्डेलच्या परसात घेऊन आला.

मिस ऑर्डेलला मी ओळखत होते. रताळ्याचं पुडिंग करावं तर तिनंच, असं सगळी वाडी म्हणायची. घरापासून वेगळं तिचं पत्र्याचं स्वयंपाकघर होतं. तिच्याबद्दलची एक गोष्ट मात्र वाडीला ठाऊक नव्हती, ती मला ठाऊक होती. नाताळात तिला ताप आला होता. त्यानंतर एकदा तिचं पुडिंग करपत होतं, वास डोंगरापर्यंत येत होता, आणि ती दारातच बसून निवांत वाटाणे सोलत होती. तिचं नाक गेलं होतं. तिनं हे कुणाला कळू दिलं नव्हतं.

मी त्या पत्र्याच्या छपरावर उतरले. वास पत्र्याच्या फटींतून वर येत होता. मांस मात्र कुठेच दिसेना.

त्या वाडीत एक रीत आहे. जॉन क्रो ज्या छपरावर बसतो त्याखाली विस्तव पेटवायचा नाही. आधी पक्षी हाकलायचा, उंबऱ्यावर मीठ टाकायचं, मगच चूल. नाहीतर त्या चुलीवर शिजतं ते घरातल्याच कुणाच्या मयताचं, नवव्या रात्रीचं जेवण, असं मानतात. म्हणून शेजारचा म्हातारा मास एग्बर्ट (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला मास म्हणतात) मला पाहून कुंपणाशी धावत आला.

"ऑर्डेल, बाहेर ये. तुझ्या छपरावर कोण बसलंय बघ."

"बसू दे. भाडं मागेन त्याच्याकडे." आतून आवाज आला. "दुपारपर्यंत चर्चला सहा पुडिंगं द्यायचीत. गप्पा मारायला वेळ नाही मला."

"विस्तव पेटवू नकोस म्हणतोय मी."

"तू आणि तुझे शकुन. म्हातारा झालास, अक्कल काही आली नाही."

पत्र्याच्या भोकातून मला तिचा हात दिसला. तिनं काडी ओढली. चार दिवसांच्या पावसात काडेपेटी सादळली होती. काडीचा गुल नुसता गळून पडला.

मास एग्बर्टनं दगड उचलला. पहिला माझ्या पायाशी खणकन आपटला. दुसरा पंखाला लागला. भ्यालो की आम्ही पोटातलं ओकून हलके होतो आणि पळतो. माझ्या पोटात ओकायलाही काही नव्हतं. उडून जावं असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू? पण नाक म्हणत होतं, इथेच आहे. भूक म्हणत होती, हलू नकोस. मी तिथेच पंख आवळून बसले.

"जातच नाही हा," मास एग्बर्टचा आवाज कापला. "माझी बायको गेली तेव्हासुद्धा असाच बसला होता. ऑर्डेल, माझ्यासाठी तरी थांब."

तिनं दुसरी काडी ओढली. ठिणगी उडाली आणि विझली. चूल आणि तिचा सिलिंडर लांबच्या कोपऱ्यात, मिस ऑर्डेल दाराशी, म्हणून निभावलं. तिनं पेटी उन्हात धरली, काड्या तळव्यावर घासल्या, आणि चुलीकडे वळली.

मास एग्बर्टला काहीच कळत नव्हतं, कारण वारा त्याच्या पाठीकडून येत होता. वास त्याच्यापासून लांब, डोंगराकडे चालला होता. आईनं शिकवलेलं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"तू नाही टाकत तर मी टाकतो मीठ," असं म्हणून तो कुंपण ओलांडून आला. मिठाची बरणी आतल्या फळीवर होती. तो उंबरा ओलांडून आत गेला, आणि बरणीकडे गेलेला त्याचा हात तसाच राहिला.

"ऑर्डेल," तो अगदी हळू म्हणाला, "काडी खाली ठेव."

"आता काय झालं?"

"ठेव म्हणतो ना. गॅस सुटलाय. अख्खी खोली भरलीय. तुला वास येत नाही?"

तिनं काडी खाली ठेवली.

त्यानं तिला दंडाला धरून बाहेर आणलं, खिडकी ढकलून उघडली, सिलिंडरचा खटका बंद केला आणि सिलिंडर ओढत पेरूच्या झाडाखाली नेला. मग नळी हातात घेऊन पाहिली. तिच्यावर नारळाचं दूध सांडून वाळलं होतं, आणि तिथेच दातांच्या खुणा होत्या. चार दिवसांच्या पावसात उंदीरही उपाशीच होता, मित्रांनो. त्यालाही त्याच्या नाकानंच तिथे आणलं होतं.

दोघं पायरीवर बसली.

"कधीपासून?" मास एग्बर्टनं विचारलं.

"नाताळापासून. कुणाला सांगू? नाक नसलेल्या बाईचं पुडिंग कोण घेईल?"

"म्हणजे मार्चमध्ये जायफळ दुप्पट पडलं होतं ते यामुळे? मला वाटलं माझ्यावर खूष आहेस."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं वर पाहिलं. गॅसचा वास वाऱ्यावर विरून गेला होता. गळती कळावी म्हणून माणसं गॅसमध्ये जो वास मिसळतात तो मेलेल्या जनावरासारखाच असतो; त्यानंच माझी फसगत झाली होती, तेव्हा कुठे मला कळलं. मांस नव्हतंच. तरी उडायचं त्राण नव्हतं.

ती उठली. सकाळी कापलेल्या कोंबडीची आतडी आणि डोकं तिनं भिंतीवर आणून ठेवलं.

"अपशकुनाला जेवू घालतेस?" मास एग्बर्ट म्हणाला.

"उपाशी आलाय तो. तू दगड दिलास, मी हे देते."

मी गिळलं, जेवढं मावलं तेवढं, आणि डोंगराकडे उडाले. धाकट्याच्या चोचीत पहिला घास ओतला तेव्हा त्यानं मान उचलली.

मित्रांनो, मी तिला वाचवायला गेले नव्हते. मी भुकेपायी गेले होते, भुकेपायीच बसून राहिले. पण आम्ही उगाच कुठे बसत नाही, एवढं लक्षात ठेवा. आम्हाला दगड मारण्याआधी एकदा स्वतःचं नाक वर करून वास घ्या. आणि ज्याचं नाक गेलंय त्याला हसू नका. त्याच्या घरात डोकावत जा.

मिस ऑर्डेल अजून पुडिंग करते. आता रोज सकाळी मास एग्बर्ट आधी आत जाऊन वास घेतो. तो पेटव म्हणाला तरी ती लगेच काडी ओढत नाही. ती अंगणात येते, कपाळावर हात धरते आणि छपराकडे बघते.