खाणीतलं पाणी जातं कुठे?

आता याला काय म्हणायचं, सांगा! प्रयोग पोरीचा, डोकं पोरीचं, आणि झऱ्यापाशी जायला तिलाच बंदी.

त्याचं असं झालं. डोंगरावर दगडाची जुनी खाण होती, आणि सोमवारपासून तिच्यात शहराचा कचरा टाकायचं पालिकेनं ठरवलं होतं. "खाली अखंड कातळ आहे, पाणी मुरेलच कसं?" पालिकेचे इंजिनिअरसाहेब छातीठोकपणे सांगत. ही भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची पोर मात्र खाणीच्या तळाची भेग दाखवून म्हणे, पाणी इथं गडप होतं आणि डोंगराखालच्या झऱ्याला निघतं. त्या झऱ्याचं पाणी तिची मावशी प्यायची, अख्खी वस्ती प्यायची. म्हणून तर पोरीची झोप उडाली होती.

शेवटी तिच्या मॅडमनी परवानगी काढली, वस्तीला पाणी भरून ठेवायला सांगितलं, आणि पोरीनं बिनविषारी रंगाची पूड पाण्यात कालवून भेगेत ओतली. पण घाई नडली. वाऱ्यानं पूड उडाली, घामेजल्या हातांवर बसली, आणि बाईसाहेब कोपरापर्यंत हिरव्यागार! तिच्या बोटावरचा कणभर रंग झऱ्यात पडला असता, तर सगळे कष्ट पाण्यात.

"तू वरच बस," मॅडमनी ठणकावलं. "नमुने लंबू घेईल."

लंबू म्हणजे तिचा वर्गमित्र. जन्मात कधी वेळेवर उठला नव्हता. बसा आता त्याच्या भरवशावर!

शनिवारी त्याचा फोन, "काही नाही गं, स्वच्छ आहे." रविवारीही तेच. साहेब खाणीवर आले, तिच्या हातांकडे बघून हसले.

"काय, झाला ना पोपट?"

"कातळातून वाट काढायला वेळ लागतो पाण्याला," ती फणकारली. ते गेल्यावर मात्र ढसाढसा रडली. आपलंच चुकलं असेल तर? मावशीला काय तोंड दाखवायचं?

सोमवारी सकाळी कचऱ्याच्या गाड्या खाणीच्या तोंडाशी ओळीनं उभ्या राहिल्या. साहेब पुढच्या ड्रायव्हरला खूण करणार, तोच पोरीचा फोन वाजला. मावशी इतकी किंचाळत होती की साहेबांनाही ऐकू जावं.

"आला गं बाई, आला तुझा रंग! अख्खा झरा हिरवा झालाय!"

मागून लंबू ओरडत होता, "बाटल्या भरल्यात! मी जागाच होतो, शपथ!"

साहेबांचा विश्वास बसेना. स्वतः डोंगर उतरून गेले. परत आले तेव्हा धाप लागली होती आणि चेहरा पार उतरला होता. पण माणूस खोटा नव्हता. पोरीकडे बघून म्हणाले, "तुझं खरं निघालं." मग ड्रायव्हरकडे वळले.

"गाड्या परत फिरव."

"कुठं न्यायच्या, साहेब?"

"बघू. इथं नाही."

पोरीनं अशी काही आरोळी ठोकली की खाली मावशीला ती फोनशिवाय ऐकू गेली.