व्हेराबाई चहाला आल्या

१९८१च्या जानेवारीत विजयच्या कंपनीत नवे अमेरिकन साहेब आले. त्यांची बायको म्हणजे एकेकाळची हॉलिवूडची नटी व्हेरा लँगटन, हे कळल्यापासून विजयचे पाय जमिनीला लागत नव्हते. पुण्यात कॉलेजात असताना त्यानं तिचा एक सिनेमा तीनदा पाहिला होता. हे त्यानं बायकोला आठवड्यात चारदा सांगितलं.

शशिकला ऐकून घेत होती. लग्नाआधी नाशिकला ती स्वतः नाटकांत कामं करायची. कतारला, दोह्यात येऊन बारा वर्षं झाली, विजयनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

शुक्रवारी साहेब कामानं अल रुवैसला गेले, म्हणून बाई एकट्याच विजयच्या अल सद्दमधल्या फ्लॅटवर चहाला आल्या. साठीच्या जवळ आलेल्या, पण पाठ ताठ. विजयनं स्वयंपाकघरातून पोह्यांची बशी स्वतः उचलून आणली. शशिकला बघतच राहिली.

बाई इंग्रजीत मोकळेपणानं सांगत होत्या. सतराव्या वर्षी हॉटेलात कॉफी देताना कुणीतरी त्यांना हेरलं. स्टुडिओनं नाव बदललं, गाल खोल दिसावेत म्हणून दोन दाढा काढल्या. बावीस सिनेमे झाले. चौतिसाव्या वर्षी करार संपला आणि फोन वाजायचा थांबला.

"अरेरे," विजय म्हणाला.

शशिकलेला काही कणव आली नाही. हिला बावीस मिळाले, ती मनात म्हणाली, आणि वर माझ्या नवऱ्याची हळहळ.

"तुम्ही काय करत होतात?" बाईंनी तिला विचारलं.

"ती घर सांभाळते," विजयनं उत्तर दिलं. "कॉलेजात काहीतरी नाटकबिटक करायची."

"कॉलेजात नाही. राज्य स्पर्धेत," शशिकला म्हणाली. "दुसरं बक्षीस होतं."

"मग करून दाखवा," बाई म्हणाल्या.

शशिकलेनं टीपॉय सरकवला. सोडून निघालेल्या माणसाला एक बाई शेवटचं काय ते सुनावते, असा तो प्रवेश होता. तो आपण विसरलो असं तिला वाटत होतं, पण वाक्यामागून वाक्य येत गेलं. बाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तरी त्यांनी हातातला कप खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

"एवढं सलग मला कुणी कधी बोलूच दिलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन वाक्यं झाली की कॅमेरा बंद."

त्या आवाजातली जळजळ शशिकलेनं लगेच ओळखली. आठवडाभर तीच तिच्या पोटात होती.

बाईंना घरी सोडून विजय परत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"त्या प्रवेशात तुझ्या समोरचं काम कोण करायचं?"

"मधु म्हणून होता. बँकेतला."

"अजून नाशिकलाच असतो?"

"असेल."

मधुला तेव्हाच दोन मुलं होती, आणि तालमीबाहेर मधु आणि ती कधी धड बोललीही नव्हती. शशिकलेनं हे सांगितलं नाही. ती कप विसळत राहिली.

"इथल्या मराठी मंडळाचं नाटक आहे मार्चमध्ये," तो म्हणाला. "करायचं असेल तर कर. पण समोर कोण आहे ते आधी सांग."

तिनं काम केलं. समोर कोण आहे, ते मात्र विजयला पडदा उघडल्यावरच कळलं.