झेंडा उतरवायला कोणीतरी मागे हवं

मित्रांनो, मला स्टेशन म्हणायला गाडीच्याही जिवावर येतं. पण आहे मी स्टेशनच, आणि चांगलंच जुनं. एक खोली, एक बाक, लाकडं जाळायची एक शेगडी आणि समोर कॅनडाच्या उत्तरेतलं हे तळं. इथवर रस्ता कधी आलाच नाही. फिनलंडहून आलेल्या लाकूडतोड्यांनी मला पाइनच्या ओंडक्यांतून उभं केलं आणि थंडी आत येऊ नये म्हणून फटींत शेवाळ ठासलं.

माझ्याकडे मास्तर नाही. ज्याला जायचं असेल त्यानं दारामागचा हिरवा-पांढरा झेंडा घ्यायचा आणि दूर वळणावरच्या खांबाला लावायचा. तो दिसला तर गाडी थांबते, नाहीतर निघून जाते. पण गाडीत बसलेला माणूस झेंडा उतरवणार कसा? म्हणून इथून कोणी एकटं जातच नसे. झेंडा उतरवायला कोणीतरी सोबत येई, बाकावर बसून कॉफी पिई, गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवी. सासरी निघालेल्या मुलींना आणि लढाईवर निघालेल्या मुलांना मी असाच निरोप दिला आहे. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटे.

मग लाकडाचा कारखाना बंद पडला आणि घरं एकेक करून रिकामी झाली. उरले दोघंच. हिल्काबाई आणि वळणाखाली राहणारा तौनो.

तौनोला वाफेच्या न्हाणीतून निघून थेट तळ्यात उडी मारायची सवय. एकदा त्यानं ओला टॉवेल वाऱ्याला बरा म्हणून झेंड्याच्याच खांबावर वाळत टाकला. टॉवेल नेमका हिरवा-पांढरा! भलीमोठी गाडी करकचून थांबली.

"कोण चढतंय?" ड्रायव्हर ओरडला.

"कोणी नाही बाबा, टॉवेल आहे!" तौनो पाण्यातूनच म्हणाला.

"आजोबा, पुन्हा गाडी अशी फुकट थांबली, तर वरचे लोक हा थांबाच बंद करणार आहेत. सांगून ठेवतो."

हिल्काबाईनं तौनोला फैलावर घेतलं. "एवढं वय झालं, टॉवेल कुठं वाळत घालावा तेही कळेना तुला? स्टेशन बुडवशील आपलं!"

"मग तूच सांभाळ तुझं स्टेशन," तौनो म्हणाला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. मला फार वाईट वाटलं, कारण भांडण माझ्यापायी होतं.

पानगळीत हिल्काबाईच्या मुलीचे दिवस भरत आले. शहरातून तिनं फोनवर रडून सांगितलं, "आई, तू ये." हिल्काबाईनं राय नावाच्या धान्याची भाकरी बांधून घेतली, झेंडा लावला आणि बाकावर येऊन बसली. पण उतरवणार कोण? झेंडा तसाच राहिला, तर परतीची गाडी फुकट थांबणार आणि माझा कारभार आटोपणार. तौनोला विचारायला तिची जीभ रेटेना.

दूरवर शिट्टी वाजली. हिल्काबाई उठली, माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, "माझ्यामुळे तू बंद पडायला नकोस रे." आणि झेंडा काढून घ्यायला निघाली. अगं, माझं काय घेऊन बसलीस, लेकीकडे जा! मला ओरडावंसं वाटत होतं.

खांबापाशी तौनो उभा होता. केस ओले, गळ्यात टॉवेल.

"हात लावू नकोस त्या झेंड्याला," तो म्हणाला.

"तू कोण रे मला सांगणारा?"

"उतरवणारा. पळ आता, गाडी आली."

हिल्काबाई माघारी वळली. मग म्हणाली, "घडी नीट घाल. ओला ठेवू नकोस."

"बाई, हा झेंडा आहे, टॉवेल नाही. एवढा फरक शिकलोय मी आता!"

ती खुदकन हसली, अर्धी भाकरी मोडून त्याच्या हातात कोंबली आणि पळाली.

तो हिवाळाभर तौनो येत राहिला. त्यानं छपरावरचं बर्फ लोटलं, फटींत नवं शेवाळ भरलं. "ती आली की बोलणी कोण खाणार?" असं मलाच सांगायचा. इतक्या वर्षांनी कोणी माझ्याशी गप्पा मारल्या, मित्रांनो.

उन्हाळ्यात हिल्काबाई लेकीला आणि तान्ह्या नातीला घेऊन आली. त्या दोघींच्या परत जायच्या दिवशी झेंडा काढला, तर उंदरांनी त्याची चाळण केलेली! तिकडे गाडीची शिट्टी ऐकू आली.

"बघत काय बसलायस, तौनो? टाक तो गळ्यातला टॉवेल खांबावर!" हिल्काबाई ओरडली.

गाडी थांबली. तोच ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "आज कोणी चढतंय, की टॉवेलच?"

"चढतंय!" म्हणत हिल्काबाईनं नातीला उंच धरलं.

मित्रांनो, नुसत्या छपरानं माझा टिकाव लागला नाही. मागे थांबणारं माणूस होतं म्हणून लागला. तुमच्या घरचं कोणी गावाला निघालं, तर दारातूनच हात हलवून आत पळू नका. गाडीपर्यंत जा.

त्या दिवशी गाडी गेली आणि टॉवेल उतरवायला दोघंही गेली. घडी कोणी घालायची यावरून त्यांचं जुंपलेलं मला इथवर ऐकू येत होतं.