अडीच तासांचं पारणं

दिल्ली ते बेळगाव विमानानं अडीच तास. हे वाक्य वृषभने तीन वर्षांत फोनवर इतक्या वेळा ऐकवलं होतं, की कुंथुनाथ आप्पांना वाटे, पोराला नोकरी दिल्लीत नव्हे, शेजारच्या चिकोडीलाच लागली आहे. येणं मात्र एकदाही जमलं नव्हतं.

या भाद्रपदात जमलं. त्याच्या आईनं, कांताआक्कांनी, अनंत चतुर्दशीचा निर्जळी उपास धरला होता. वृषभ म्हणाला, "पारण्याचा पहिला घोट मी देतो, आई. उद्या दुपारी निपाणीत असतो." झालं! खरं तर पारणं सकाळीच व्हायचं, पण आक्कांनी पाण्याला हात लावला नाही.

दुपारी पोराचा फोन आला. दिल्लीत धो धो पाऊस, विमान जागेवरच. आप्पांचा जीव टांगणीला लागला. बायको पासष्टीची, पोटात थेंब नाही, आणि जैनांच्या नेमाप्रमाणे एकदा दिवस मावळला की ती पाणीही घेणार नाही. म्हणजे आणखी एक रात्र तशीच.

"कांता, हट्ट सोड गं. दोन घोट घे."

"आणि पोरगं आल्यावर त्याला काय सांगू?"

पोराचा शब्द राहावा म्हणून हिचा घसा कोरडा! आप्पा मनातून चिडले, पण बोलून उपयोग नव्हता. विमान सुटल्याचं कळताच त्यांनी गाळून उकळलेलं पाणी तांब्यात घेतलं, मुगाचं कढण डब्यात भरलं आणि आक्कांना गाडीत बसवून बेळगावजवळचा सांबऱ्याचा विमानतळ गाठला. पोरगं निपाणीला पोचेपर्यंत अंधारच पडणार होता. तेवढा रस्ता तरी वाचेल, असा त्यांचा हिशेब.

विमान उतरलं तेव्हा पश्चिमेला सूर्याची कड दिसत होती. वृषभ बॅगेसाठीही न थांबता धावत बाहेर आला, पण तोवर ती कड गेली होती. त्याने तांब्या घेतला.

"घे आई. वरनं आत्ताच बघितला मी सूर्य. व्हता अजून."

"तुझा वर व्हता, बाळा. माझा बुडला." आक्कांनी हात मागे घेतला.

"सकाळी दे म्हणं," आप्पा म्हणाले.

वृषभ खाली मान घालून म्हणाला, "आप्पा, परतीचं तिकीट पहाटेचं हाय."

"म्हणजे दिवस उगवायच्या आधीच?" आप्पांचा हात शिवशिवला. आक्का मात्र नुसत्या डब्याचं झाकण घट्ट करत राहिल्या. ते झाकण आधीच घट्ट होतं. वृषभने ते पाहिलं.

"ते विमान सोडतो मी," तो म्हणाला.

"आधी बॅग घेऊन ये जा," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, ऊन चांगलं अंगणात आल्यावर, त्याने आईच्या ओंजळीत पाणी घातलं. त्या सावकाश प्याल्या, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं,

"आता सांग, दिल्ली किती लांब?"

"लई लांब हाय, आई."