जसोदाबाईच्या मापाचा दस्ता

नांगर, वखर, गाडीची चाकं मी डोळे मिटून करतो. पण दगा पाटलांनी बंदूक आणून माझ्या पुढ्यात ठेवली, तेव्हा मला घाम फुटला.

"रेवजी, हाई जसोदाना मापनी करी दे."

जसोदाबाई त्यांची सून. पाटलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला आणि मुलगा मगन बार उडायच्या आधीच डोळे मिटायचा. रानडुकरं मात्र भुईमुगात रोज पंगतीला बसत होती. मामलेदारांनी बजावलं होतं, शुक्रवारी येतो. घरातल्या कुणी तीन गोळ्यांत मडकं फोडलं तर परवाना त्याच्या नावावर, नाहीतर बंदूक कचेरीत जमा. माहेरी बापाची बंदूक चालवलेली जसोदा, एवढाच काय तो आधार.

पाटील सहा फूट, ती त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. दस्ता खांद्याला टेकवला की तिचं बोट चापापर्यंत पोचायचंच नाही. मी तिच्या कोपराच्या खोबणीपासून बोटापर्यंत माप घेतलं. ती माझ्या मूळ गावची, धानोऱ्याची लेक, मला मामा म्हणते, त्यामुळे माझ्यापुढे घुंगट नाही. दोन बोटं लाकूड जास्त भरलं. करवत टेकवली आणि हात थांबला. तीस वर्षं पाटलांच्या खांद्याला घासून गुळगुळीत झालेला तो दस्ता!

"काप रे," पाटील म्हणाले. "मी काय आते बंदूक धरस?" पण तोंड त्यांनी दुसरीकडे केलं.

कापलं, टोकाला जुनी लोखंडी पट्टी परत बसवली, गालाखालचं लाकूड कानशीने जरा उतरवलं. तापीकाठी मी आणि जसोदा, दोघांनीच चाचणी घेतली. तीन गोळ्या, तीन मडकी. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी सगळं गाव खळ्यावर. पहिली गोळी हुकली. दुसरीने मडकं सोडून लिंबाची फांदी पाडली. मगन माझ्याकडे असा बघू लागला, जणू डुकरं मीच पाळली होती. लाकूड जास्त कापलं की काय? कापलेलं आता कुठून जोडू?

तेवढ्यात बाजेवरून पाटलांनी विचारलं, "जसोदानी घुंगट ओढेल शे का?"

मी कपाळावर हात मारला. समोर गावचे झाडून सगळे सासरे आणि थोरले दीर! पदर नाकापर्यंत आलेला, गाल आणि दस्त्याच्या मधे लुगड्याचा बोळा. मी माप घेतलं होतं उघड्या तोंडाचं.

"मंग समदा पाठ फिरावा," पाटील म्हणाले आणि आधी स्वतः फिरले. एकेक पागोटं वळलं. मामलेदारही कुरकुरत वळले. पदर मागे गेला, बार उडाला आणि मडक्याच्या खापऱ्या झाल्या.

"पाहिलं कोणी?" मामलेदार गरजले.

"मी," मी म्हणालो.

"तू तर सुतार! तुझंच काम." ते स्वतः चालत गेले, खापरी उलटसुलट करून पाहिली आणि मुकाट्याने जसोदाचं नाव लिहून घेतलं.

मग पाटलांनी बंदूक मागितली. सवयीने खांद्याला लावली. कोपर अवघडून छातीशी आलं, दस्ता कुठेच बसेना. ते हसले.

"आते हाई मन्ही नही शे."

सासऱ्याने सुनेला वस्तू द्यायची ती जमिनीवर ठेवून, अशी त्यांच्या घरची रीत. बंदूक ठेवायला ते वाकले, जरा थांबले, आणि चाचपडत तिचा हात शोधून सरळ तिच्या हातात दिली.