बाईंच्या पेटीवरची सही

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मित्रांनो, माझ्याकडे असं टक लावून बघू नका, मला लगेच शंका येते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड कधी पोळलं नाही, तरी मी आयुष्यभर फुंकूनच पीत आलो. संशय हा माझा धंदाच आहे.

माझा जन्म अलिगढचा, पण माझं सगळं आयुष्य मराठवाड्यात गेलं. चाळीस वर्षांपूर्वी उदगीरच्या बाजारात महामायाबाई सूर्यवंशी यांनी मला घेतलं. देवणीजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या नुकत्याच लागल्या होत्या. मला घेण्याआधी त्यांनी माझी कडी सात वेळा ओढून पाहिली. दुकानदार वैतागला. मला मात्र त्या फार आवडल्या, कारण त्यासुद्धा माझ्याच जातकुळीच्या निघाल्या.

शाळेत एक लोखंडी पेटी होती. परीक्षेचे पेपर त्या पेटीत आणि पेटीवर मी. पण बाईंचा माझ्या एकट्यावर भरवसा नव्हता. त्या चावीच्या भोकावर खळीनं कागदाची पट्टी चिकटवत आणि तिच्यावर ठसठशीत सही करत. अक्षर असं सरळ, की खाली पट्टी धरून लिहिल्यासारखं. कुणी मला उघडलं तर पट्टी फाटणारच, आणि फाटली की बाईंना कळणारच.

एका वर्षी ती कागदाची पट्टी सकाळी फाटलेली निघाली. बाईंनी भीमा शिपायाला पोरांसमोर उभं केलं आणि नको ते बोलल्या. सगळे पेपर रद्द केले आणि फळ्यावर नवे प्रश्न लिहून परीक्षा घेतली. मीही भीमाकडे डोळे वटारून पाहत होतो. दोन दिवसांनी नवी पट्टीही कुरतडलेली दिसली, आणि पेटीखालून झुरळ पळालं. आमची खळ गव्हाच्या पिठाची होती! बाईंनी वर्ग भरवला आणि पोरांसमोरच भीमाची माफी मागितली.

"लेकरांनो, संशय आला तर येऊ द्या," त्या म्हणाल्या, "पण आधी विचारा, मग निकाल लावा. मी उलटं केलं."

हे वाक्य मी ऐकलं होतं. लक्षात ठेवलं नाही, हा माझा गुन्हा.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं त्यांना शाल दिली. बाईंनी जाताना मला मागून घेतलं. मग काही वर्षं मी देवणीच्या घरी, फडताळातल्या एका डब्यात पडून होतो. कुणी तेलाचा थेंब घातला नाही. माझ्या पोटात जुनी खळ वाळून बसली आणि माझा स्वभाव आणखी बिघडला.

मग बाईंची नात पुनम अकरावीत गेली. आमच्याकडे डॉक्टर व्हायचं लेकरू शिकवणीसाठी लातूरला जातं, आणि त्याच्या मागोमाग आजी जाते, भाकरी करायला आणि लक्ष ठेवायला. आम्हीही गेलो. लातूरच्या आमच्या गल्लीत अशा सात-आठ आज्या होत्या. एक खोली, एक गॅस, एक लेकरू, एक आजी. घरमालकीण गुरम्माबाई हिच्याकडे खोलीची दुसरी चावी होती. अर्थातच पहिले सहा महिने मी तिच्यावर नजर ठेवली.

खोलीत आल्याबरोबर बाईंनी एक पत्र्याची पेटी घेतली, मला लावलं आणि पुनमचा मोबाइल आत टाकला. तो फक्त रविवारी बाहेर निघे. सोमवारी पुन्हा खळ, पुन्हा पट्टी, पुन्हा सही. पुनम चिडून म्हणायची, "आजी, मी काय चोर हाय का?"

"तू न्हाईस गं माय," बाई म्हणायच्या. "त्यो मोबाइल चोर हाय."

दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, मला विचित्र गोष्टी दिसू लागल्या. चावी माझ्या भोकात शिरेना. एकदा हुकली, दोनदा हुकली, चौथ्यांदा लागली. चावी अशी खरवडत फिरली की आम्ही कुलपं एकच समजतो, परका हात! मी अंग आखडून घेतलं. बाईंच्या हाताचा वास ओळखीचा होता, तरी मला वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. शिवाय पूर्वी बाई पट्टीवरची सही डोळ्यांनी तपासत, आता नुसतं बोट फिरवून पाहत. मी मनात म्हटलं, बाई आळशी झाल्या.

जानेवारीत बाई एकट्याच कुठेतरी जाऊन आल्या. त्यांनी एक कागद चार घड्या करून पेटीत साड्यांखाली सरकवला आणि मला घाईनं बंद केलं. आता मी बाईंवरही संशय घेऊ लागलो. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचं लपवलेलं शोधलं, त्या स्वतः काय लपवत होत्या?

आणि एका गुरुवारी चोरी झाली. बाई मेथी आणायला गेल्या होत्या. त्यांचा चष्मा नाकावर, पण त्याची डबी घरीच, आणि चावी त्या डबीत. पुनमनं पट्टी अलगद ओली करून काढली, मला उघडलं आणि मोबाइल घेतला. मैत्रिणीचा वाढदिवस होता म्हणे! मी संतापानं तापलो. मोबाइल परत ठेवताना तिच्या हाताला तो घडीचा कागद लागला. तिनं तो वाचला, दोनदा वाचला आणि रडायला लागली. मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. मग तिनं नवी पट्टी चिकटवली आणि बाईंची जुनी सही हुबेहूब काढली, सरळ, ठसठशीत. बाई आल्या, त्यांनी बोट फिरवलं, अगदी नाकाजवळ वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हं, बरोबर हाय."

मला बोंब मारावीशी वाटली. बाई, ती तुमची सही नाही! पण मित्रांनो, तेव्हा मी एकच प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. बाईंना ते का दिसलं नाही?

त्याच संध्याकाळी पुनम पाठ म्हणू लागली. बाई रोज पुस्तक धरून बसत, एक शब्द चुकला तरी टोकत. त्या दिवशी पुनमनं मुद्दाम मधल्या दोन ओळी गाळल्या.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मला उघडलं आणि वडिलांना फोन लावला.

रविवारी तिचे वडील, बाईंचा मुलगा आदर्श, उदगीरहून आले. ते एसटीत वाहक आहेत. पुनमनं पट्टी सोडवून आजीच्या हातात दिली.

"आजी, ही सही कुणाची?"

बाई ती उजेडात घेऊन गेल्या. "माझीच की."

"न्हाई. माझी हाय. तुझी ही हाय." तिनं वहीतून जुन्या पट्ट्या काढल्या. वह्या-कागद जपून ठेवायची सवय आजीचीच. दिवाळीनंतरची प्रत्येक सही थोडी थोडी उतरत गेली होती. शेवटची तर कागदावरून घसरली होती.

बाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे पेटी उघडलीस तू."

"हाव. मोबाइलसाठी उघडली, चुकलं माझं. पण डॉक्टरांचा कागद मला सापडला."

"माय, काचबिंदू हाय म्हणं," आदर्श म्हणाले. "ऑपरेशनची तारीख उलटून गेली. गेलेली नजर परत येत न्हाई, आता उरलेलीच वाचवायची. का बोलली न्हाईस?"

"मे महिन्यात हिची डॉक्टरकीची परीक्षा हाय. मी डोळ्याला पट्टी बांधून बसले तर हिच्या भाकरीचं कोण बघंल?"

"मला थापता येती भाकर," पुनम म्हणाली. "वाकडी थापीन, पण थापीन. आजी, मी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस का?"

बाईंनी हातातली पट्टी पुनमला परत दिली. मग म्हणाल्या, "न्हाई. पण तू पट्टी सोडवून विचारलंस. बरं केलंस."

ऑपरेशन झालं. उरली होती तेवढी नजर राहिली, जास्त नाही. आठवडाभर गुरम्माबाईनं तिच्याजवळच्या चावीनं खोली उघडून दुपारची भाजी आणून ठेवली. माझा तिच्यावरचा संशयही असा फुकट गेला.

परीक्षा अजून व्हायची आहे. पट्टी लावणं बंद झालं. आता पुनम स्वतःच मोबाइल पेटीत ठेवते आणि चावी आजीच्या हातात देते. चावी हुकते, पुनम ती हिसकावून घेत नाही, मीही अंग आखडत नाही. आम्ही दोघं थांबतो. चौथ्यांदा लागते.

मित्रांनो, वर्षातून एकदा मला दोन थेंब तेल घाला, एवढंच माझ्यासाठी मागतो. बाकीचं तुमच्या घरासाठी. कुणाच्या सुईत दोरा जात नसेल, कुणी पायरी पायानं चाचपत असेल, तर संशय जरूर घ्या. पण तो माझ्यासारखा पोटात ठेवू नका. माझं तोंड चावीशिवाय उघडत नाही. तुमचं उघडतं. विचारा.